मार्तंडरावांची विलायती फरशी

विलेपार्ल्याला पूर्वेच्या बाजूला मार्तंडराव देवस्थळी राहायचे. माणूस सज्जन, त्याबद्दल दुमत नाही. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, गणपतीची वर्गणी पहिल्या दिवशी. पण दोन खोडी अशा, की वनमालाबाईंनी त्यांच्याबरोबर तीस वर्षं संसार केला यासाठीच त्यांना कुणीतरी शाल द्यायला हवी होती.

पहिली खोड म्हणजे नव्याचा सोस. बाजारात काही नवं निघालं की पार्ल्यात ते आधी देवस्थळ्यांकडे यायचं. नायलॉनचा सदरा यांनी आणला आणि वैशाखात घालून भर लग्नात घामानं निथळले. प्लॅस्टिकची बादली आणली, तिच्यात बंबाचं कढत पाणी ओतलं आणि बादलीनं बसकण मारली. डीडीटीचा पंप आणला तेव्हा ढेकूण राहिले आणि मांजर गेलं. वस्तू फसली की मार्तंडराव ती कुणाला तरी देऊन टाकायचे, आणि देताना तिचे गुण असे सांगायचे की घेणाऱ्याला वाटावं, आपल्या पूर्वजांचं पुण्य फळलं.

दुसरी खोड नोकरीनं लावलेली. फोर्टातल्या एका आगीच्या विमा कंपनीत ते सत्तावीस वर्षं दाव्यांच्या टेबलावर होते. एखाद्याची वखार जळून राख झाली तरी हे चष्मा पुसत विचारायचे, "जळाली कशावरून?" तीच सवय घरात. वनमालाबाई म्हणाल्या, "माझं डोकं दुखतंय," की हे पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "कशावरून?" आता डोकं दुखल्याचा पंचनामा कुठून आणायचा सांगा!

शिवाय तपकीर. डाव्या खिशात डबी आणि उजव्या खिशात तो तपकिरी झालेला रुमाल. विसाव्या वर्षापासून दर अर्ध्या तासानं चिमूट चिमूट ओढून त्यांच्या नाकाचं पार मातेरं झालं होतं. दूध उतू जाऊन जळालं तरी यांना पत्ता नसायचा. पण हे त्यांना स्वतःला ठाऊक होतं का? छे! नाक आहे म्हणजे वास येतोच, असा त्यांचा हिशेब. नाही आला तर वास नाहीच.

तर अठ्ठावन्न सालच्या सुरुवातीची ही गोष्ट. मार्तंडरावांची एकुलती एक मुलगी, उत्तरा, पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. तिचं सासर मुलुंडचं. तिच्या सासूबाई, जयंतीबाई, स्वभावानं कडक आणि बोलायला त्याहून कडक. त्यांचं म्हणणं, मुलुंडला मोकळी हवा आहे, बाळंतपण इथंच होऊ दे. ते वाक्य मार्तंडरावांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी लगोलग पत्र लिहिलं की आमच्या घरी बाळंतिणीची खोली अशी होईल की इस्पितळानं येऊन बघावी. पत्र टाकून झालं आणि मग त्यांनी खोलीकडे पाहिलं. शहाबादी फरशी, सांध्या-सांध्यांतून माती, त्या मातीत मुंग्यांची वसाहत. झालं, मार्तंडरावांची झोप उडाली.

फोर्टातच एका दुकानात त्यांना उपाय सापडला. जमिनीवर अंथरायचं प्लॅस्टिक. "व्हिनायल म्हणतात साहेब," चंद्रप्रकाश नावाचा विक्रेता म्हणाला. "एकदा चिकटवा, मग धूळ नाही, मुंगी नाही, झुरळ नाही. ओलं फडकं फिरवा, झकास!"

"बाळंतिणीच्या खोलीला चालेल?" मार्तंडरावांनी विचारलं.

"चालेल म्हणजे? विलायतेत इस्पितळांत हेच घालतात."

गंमत बघा हं. ज्या माणसानं सत्तावीस वर्षं जळलेल्या वखारींना 'कशावरून' विचारलं, त्यानं इथं तो शब्द तोंडातून काढला नाही. विलायत म्हटल्यावर पुरावा कशाला? दोन महिन्यांचा पगार मोजून त्यांनी हिरव्यावर पांढऱ्या चौकड्यांचा तो गुंडाळा घेतला आणि हातगाडीवर घालून घरी आणला. कामाला माणूस नाही लावला. स्वतः गुडघ्यांवर बसून, डांबरासारखा काळा गोंद फासून, भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवला. खोली अशी लखलखली की वनमालाबाईसुद्धा कौतुकानं वाकून पाहू लागल्या. मग त्यांनी नाकाला पदर लावला.

"अहो, हा वास कसला?"

"कसला वास?" मार्तंडराव म्हणाले.

आणि खरंच सांगतो, ते खोटं नाही बोलले. वाकून, फरशीला नाक लावून, दीर्घ श्वास घेऊन त्यांनी खात्री केली. काही नव्हतं. त्या खात्रीप्रीत्यर्थ त्यांनी एक चिमूट ओढली.

उत्तरा आली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अण्णा, त्या खोलीत झोपलं की सकाळी डोकं धरतं हो. आणि मळमळतं."

"आठव्या महिन्यात मळमळणारच."

"बाहेर ओटीवर बसलं की नाही मळमळत."

"ओटीवर गप्पा असतात. तिकडे लक्ष जात नाही."

वास मग घरभर चर्चेचा विषय झाला आणि मार्तंडरावांनी त्याचा तपास कंपनीच्या शिस्तीनं केला. सोमवारी त्यांनी हिंगाच्या डबीवर आळ घेतला. बुधवारी गटारावर. शुक्रवारी तर म्हणाले, बिस्किटांच्या कारखान्याकडून वारा येतोय. यावर मात्र वनमालाबाई हसून हसून खाली बसल्या. पार्ल्यात बिस्किटांचा वारा आला की शेंबडं पोरसुद्धा जिभल्या चाटतं, आणि यांना त्याचा त्रास! पण खिडक्या उघड्या असायच्या, दिवस सरत होते, त्यामुळे निभावलं.

माघात उत्तरा सुटली. मुलगी झाली. प्रसूतिगृहातून सहाव्या दिवशी घरी आली आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली, कारण आता खोलीचा ताबा लवूच्या आईकडे गेला.

ही लवूची आई म्हणजे मालवणकडची म्हातारी. मुलगा लवू गिरणीत आणि हिची झोपडी नाल्याच्या अंगाला. अर्ध्या पार्ल्यातली पोरं तिच्या हातांनी चोळली होती, उत्तरासकट. तिचं स्वतःचं नाव मात्र कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तिलाही ते सांगायची कधी वेळ आली नव्हती. बाळंतिणीच्या बाबतीत तिचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. बाळंतिणीला वारा लागता कामा नये, म्हणून कानात कापूस, डोक्याला फडकं, आणि खिडक्या-दारं घट्ट बंद. तेल लावून कढत पाण्यानं न्हाऊ घातलं की बाळंतिणीनं बाजेवर पडायचं आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. वर ओवा, शेपा, लसणीची सालं. तो शेक, ती धुरी. पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं, आणि शेणाच्या किंवा दगडाच्या भुईवर कुणाचं काही बिघडलेलं नव्हतं.

लवूची आई उंबऱ्यातच थांबली. "काकानू, ह्या काय घातलंत भुईक?"

"व्हिनायल," मार्तंडराव अभिमानानं म्हणाले. "इस्पितळात असतं."

"वास येता."

"कसला वास?"

म्हातारीनं त्यांच्याकडे, मग त्यांच्या हातातल्या तपकिरीच्या डबीकडे पाहिलं. "तुमचा नाक मेला, काकानू. माझा साठ वर्सा झाली तरी जिता आसा. दारा-खिडक्ये लावल्यार ह्यो वास जातलो खय? चेडवाच्या नाकात."

"पुरावा काय?"

"चेडू शिंकता ता आयकूक येता ना तुमका?"

बाळ खरंच शिंकत होतं. मार्तंडराव म्हणाले, नवीन नाक आहे, चालवून बघतंय. पण रात्री त्यांनी फरशी विकणाऱ्या कंपनीला एक पत्र लिहिलं. उत्तर आलं ते इंग्रजीत, मऊ कागदावर, की माल उत्तम आहे, हवा खेळती ठेवल्यास वास कालांतरानं जाईल. हवा खेळती ठेवल्यास! त्यांनी ते पत्र वाचलं, बंद खिडक्यांकडे पाहिलं आणि पत्र घडी करून खिशात टाकलं. वनमालाबाईंना दाखवलं नाही. तेवढं मात्र त्यांच्या हातून पाप झालं, नाही म्हणायला जागा नाही.

शेगडीपुरती तडजोड झाली. फरशीला डाग पडू नये म्हणून मार्तंडरावांनी सहा विटा रचून ओटा केला आणि शेगडी त्यावर. आठवडाभर तसंच चाललं. उत्तरा कपाळाला सुंठ लावून पडायची, बाळ शिंकायचं, लवूची आई येता-जाता फरशीला शिव्या घालायची, आणि मार्तंडराव फडक्यानं ती पुसत म्हणायचे, "बघा, एक मुंगी दिसतेय का!" मुंगी नव्हती हे खरं. मुंग्यांना नाक असतं.

बाराव्या दिवशी बारसं. मुलुंडहून जयंतीबाई येणार. सकाळी मार्तंडरावांनी खोली न्याहाळली आणि त्यांचा जीव खालीवर झाला. अशी आरशासारखी फरशी आणि मधोमध सहा मातकट विटा! विहीणबाई काय म्हणतील? त्यांनी विटा उचलून परसात ठेवल्या आणि वनमालाबाईंच्या रुखवतातली पितळी परात चकचकीत घासून तिथं ठेवली. लवूची आई शेगडी घेऊन आली, तिनं परात पाहिली.

"ह्येच्यार?"

"ह्याच्यावरच. पितळ आहे, जळायचं नाही."

पितळ जळत नाही, खरं आहे. तापतं. सत्तावीस वर्षं आगीचे दावे तपासलेल्या माणसाला हे मी सांगायला नको होतं.

दुपारी चारला खोली बायकांनी भरली. दहा-बारा तरी असतील. खिडक्या बंद, दार लोटलेलं, बाळ पाळण्यात, उत्तरा बाजेवर, आणि बाजेखाली परातीत शेगडी. जयंतीबाईंनी फरशीवर पाऊल ठेवलं, खाली पाहिलं, आणि चक्क म्हणाल्या, "छान आहे हो." ओटीवर उभ्या मार्तंडरावांनी ते ऐकलं आणि त्यांची छाती अशी फुगली की कोटाचं बटण ताणलं. आत पाळणा सुरू झाला. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या.

दुसऱ्या कडव्याला कुणीतरी खोकलं. तिसऱ्याला चौघी खोकल्या. चौथं कडवं झालंच नाही.

"काय जळतंय?"

"अगंबाई, डोळे चुरचुरताहेत!"

मार्तंडराव दार ढकलून आत शिरले आणि सवयीनं म्हणाले, "कसला वास?"

उत्तर द्यायला कुणाचा घसा शाबूत नव्हता. वनमालाबाई पदरात तोंड घालून वाकल्या होत्या. मार्तंडरावांना वास आला नाही, त्याही वेळी आला नाही. पण परातीच्या कडेनं हिरव्या चौकड्या उकळत होत्या आणि काळा चिकट धूर वर चढत होता तो त्यांना दिसला. त्यांनी पाळण्यात पाहिलं. इतका वेळ रडणारं बाळ गप्प झालं होतं. तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी, आणि श्वास घ्यायला धडपडणारी एवढीशी छाती.

मग त्यांनी जे केलं ते पार्ल्यानं कधी पाहिलं नव्हतं. सोवळं-ओवळं, विहीण-व्याही, कशाकशाचं भान न ठेवता ते बायकांमधून घुसले, बाळ उचललं आणि कोपरानं खिडकीचं दार असं हाणलं की काच फुटून परसात पडली.

"अहो वारा लागेल! बारा दिवसांचं बाळ आहे!" एक आजीबाई किंचाळल्या.

"लागू दे!" मार्तंडराव ओरडले. "लागू दे वारा! वारा पाहिजे तिला!"

आणि बाळाला छातीशी धरून ते थेट परसात तुळशीपाशी धावले. मागोमाग लवूच्या आईनं उत्तराला दंडाला धरून बाहेर काढलं आणि मग आत वळून, न्हाणीच्या घंगाळातलं पाणी शेगडीवर ओतून, सगळं शांत केलं. परसात बाळ खोकलं, पुन्हा खोकलं, आणि मग असं काही टाहो फोडून रडलं की शेजारच्या बंगल्यातले लोक बाहेर आले. मार्तंडरावांच्या आयुष्यात त्या रडण्याइतकं गोड काही त्यांच्या कानावर पडलं नव्हतं. ते स्वतःही रडत होते. धुरानं, असं ते म्हणाले असते, पण कुणी विचारलंच नाही.

डॉक्टर विद्याधर चौबळ आले, बाळाला तपासलं. छाती साफ होती, देवाची कृपा. मार्तंडरावांनी त्यांना खिशातलं ते पत्र दिलं आणि विचारलं, "हा जिन्नस विषारी असतो का?"

"मला ठाऊक नाही," डॉक्टर म्हणाले. "फार नवं आहे, आमच्या पुस्तकांत नाही. पण हवा खेळती ठेवा असं खुद्द विकणारा लिहितो, आणि तुम्ही बंद खोलीत खाली निखारे ठेवता? ज्यानं डोळे चुरचुरतात ते छातीला बरं नसतं देवस्थळी, त्याला पुस्तक कशाला लागतं?"

पत्र जयंतीबाईंनी हात पुढे करून घेतलं, वाचलं आणि घडी करून परत दिलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "आम्ही उत्तराला आणि बाळाला आजच मुलुंडला नेतो."

वनमालाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तीस वर्षांत त्यांनी या माणसाला कुठल्याही बाबतीत हार मानताना पाहिलं नव्हतं, आणि आता तो युक्तिवाद काढील, कशावरून म्हणील, या भीतीनं त्यांनी डोळे मिटले.

"माझी चूक झाली," मार्तंडराव म्हणाले. "सगळे सांगत होते. मला वास येत नाही, म्हणून मी म्हटलं, वासच नाही. मला तिन्हीसांजेपर्यंत वेळ द्या. ती फरशी उरली तर खुशाल न्या."

जयंतीबाई बाळाला घेऊन ओटीवर बसल्या. म्हणाल्या, "बसते." आणि मार्तंडराव कोट काढून, परसातलं खुरपं घेऊन खोलीत गेले. अहो, तो गोंद! लावताना एक दिवस लागला होता, निघताना त्यानं जीव काढला. नखं गेली, गुडघे सोलले. वनमालाबाई विळा घेऊन बसल्या, मग लवूची आई कोयता घेऊन. थोड्या वेळानं कुणी न सांगता जयंतीबाईंनी बाळ उत्तराकडे दिलं, पदर खोचला आणि नारळ खवायची विळी आणायला सांगितली. दिवेलागणीला खालची शहाबादी फरशी दिसली, ओरखड्यांनी भरलेली, काळे डाग पडलेली. त्यावर चुन्याचं पाणी फिरवलं, सगळ्या खिडक्या सताड उघड्या ठेवल्या, आणि बाळ-बाळंतीण चार दिवस माजघरात झोपली. नाव ठेवायचं राहूनच गेलं होतं. ते दुसऱ्या दिवशी ओटीवर, उघड्यावर ठेवलं, मृणालिनी.

उरला तो गुंडाळा. मधे जळून भोक पडलेलं, तरी चांगला मोठा. वनमालाबाई म्हणाल्या, बंबात घालून संपवा एकदाचं. मार्तंडराव दचकले. "जाळायचं? त्याचाच तर धूर!" नाल्यात टाकावं तर भरतीला कुणाच्या तरी दारात जाणार. पुरावं तर कुजणार नाही. पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं, की ही वस्तू आणता येते, घालवता येत नाही.

लवूच्या आईनं मात्र तिच्यावर डोळा ठेवला होता. "काकानू, माका दिया. पावसात माझा छप्पर गळता. वर घालतंय."

हीच ती वेळ. इतकी वर्षं ज्या वेळी मार्तंडराव गुणवर्णनाला बसायचे. या वेळी त्यांनी आधी एक प्रश्न विचारला.

"तुमच्या झोपडीत चूल कुठं असते?"

"आतच. आणखी खय?"

"आणि लवूचं पोर?"

"चुलीकडे निजता."

"मग नाही देणार," मार्तंडराव म्हणाले. "माझ्या नातीच्या नाकाला जे चाललं नाही, ते तुमच्या नातवाच्या नाकाला मी कसं देऊ?"

म्हातारी चिडली. "मग गळणारा छप्पर घेवन मी काय करू? तुमचा शहाणपण खाऊ?"

बरोबर होतं तिचं. तेव्हा मार्तंडरावांनी शिडी लावली, परसातल्या आपल्या न्हाणीघरावरची मंगलोरी कौलं एकेक करून उतरवली आणि लवूला बोलावून तिच्या छपरावर बसवून दिली. न्हाणीघर उघडं पडलं. त्यावर त्यांनी ते व्हिनायल ताणून बांधलं. बाकी घराची आंघोळ आतल्या मोरीत. त्या हिरव्या चौकड्यांखाली एकट्या मार्तंडरावांनी आंघोळ करायची, हे त्यांनीच ठरवलं. पार्ल्यातले लोक हसले. हसू देत, मार्तंडराव म्हणाले.

तपकिरीची डबी त्यांनी बारशाच्या रात्रीच विहिरीपलीकडे भिरकावली होती. पहिला महिना वाईट गेला, चिडचिड, शिंका, ऑफिसात भांडणं. मग हळूहळू नाक परत आलं. एके सकाळी ते स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "अगं, दूध तळाला लागतंय का?" आणि वनमालाबाईंच्या हातून झारा पडला.

वर्षानं उत्तरा मृणालिनीला घेऊन वाढदिवसाला आली. पोर त्या डागाळलेल्या फरशीवर रांगत होती, सांध्यातल्या मुंग्या बोटानं दाबत होती. ऊन चढलेलं. मार्तंडराव न्हाणीघरातून अंग पुसत बाहेर आले. उत्तरा दारात उभी होती, तिला त्यांची जुनी खोड आठवली आणि तिनं चेष्टेनं विचारलं, "काय अण्णा, कसला वास?"

मार्तंडरावांनी वर तापलेल्या हिरव्या छपराकडे पाहिलं. "येतो गं," ते म्हणाले. "अजून येतो. उघड्यावर असून डोकं धरतं. तू त्या बंद खोलीत एवढ्याशा जिवाला घेऊन सात दिवस..."

वनमालाबाईंनी मृणालिनीला उचलून त्यांच्या ओल्या हातांत दिलं. "पुसा डोळे," त्या म्हणाल्या. "साबण गेला असेल."

कशावरून, हे मार्तंडरावांनी विचारलं नाही.